एकटीचा जमाखर्च

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी मला सांगितले आणि विषय दिला काटकसरीचा. एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात एकतीस वर्षे काढलेल्या बाईला दुसरा कोणता विषय द्यावा, हेही खरेच. परंतु या सभागृहात काटकसरीवर बोलणे म्हणजे नाशकात द्राक्षे विकायला नेणे होय. एका पगारात मुलांची शिक्षणे, नणंदेचे लग्न आणि सासऱ्यांचे आजारपण निभावलेल्या कितीतरी जणी समोर बसल्या आहेत. त्यांना मी काय शिकवणार? म्हणून चिटणीसबाईंची परवानगी घेऊन विषय थोडा बदलला आहे. ज्यांना हिशेब कळतो, ज्यांचा पगार पुरतो, ज्यांची नियत स्वच्छ आहे आणि तरीही ज्यांच्या डोक्यावर कर्ज चढत जाते, अशा माणसांविषयी मी बोलणार आहे. त्यातही जी एकटी राहतात त्यांच्याविषयी.

बँकेत आम्ही थकलेल्या कर्जदारांचे दोन प्रकार मानीत असू. एकाजवळ पैसे नसतात म्हणून तो देत नाही; दुसऱ्याजवळ असतात, पण त्याला द्यायचे नसतात. पहिल्याला मुदत द्यावी, दुसऱ्याला नोटीस द्यावी. वसुलीचे बहुतेक शास्त्र एवढ्यावर उभे असते. तिसरा प्रकार माझ्यापुढे आला तो माझ्या भाचीच्या कागदांतून. तिच्याजवळ पैसे होते, द्यायची इच्छा होती, आणि तरीही पैसे दिले जात नव्हते.

ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय चौतीस. पुण्याला अ‍ॅनिमेशनच्या एका कचेरीत काम करते आणि बाणेरला एका खोलीच्या घरात भाड्याने एकटी राहते. आज तिच्याविषयी बोलते ते तिला विचारून. ‘नाव तेवढे सांगू नकोस, बाकी सगळे सांग,’ असे तिचे म्हणणे पडले.

दीड वर्षापूर्वी ती सर्व कागद घेऊन माझ्याकडे आली. कागद म्हणायचे आपले. हल्ली सारे फोनमध्येच असते. पगार अठ्ठावन्न हजार, भाडे सतरा हजार. देणे असे: एका क्रेडिट कार्डावर ७८,०००, दुसऱ्यावर ४६,०००, फोनवरून घेतलेले एक झटपट कर्ज २२,००० आणि फ्रिजच्या हप्त्यांचे राहिलेले ८,०००. एकूण १,५४,०००. आता सवयीप्रमाणे मी आधी मागच्या वर्षाचा उतारा पाहिला. दोन कार्डे मिळून अकरा वेळा उशिराचा दंड बसला होता. त्या अकरांपैकी नऊ तारखांना तिच्या बचत खात्यात बिलाच्या किमान रकमेपेक्षा जास्त पैसे पडून होते! एवढेच नव्हे, ती माझ्यासमोर बसली होती त्या दिवशीही खात्यात एकेचाळीस हजार होते. चोराने नेले असते तर समजले असते. इथे पैसा घरातच होता आणि दंड भरीत होता.

तिला एडीएचडी आहे असे निदान त्याच्या आदल्या वर्षी एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी केले होते. हा शब्द आपण शाळेत एका जागी न बसणाऱ्या मुलांच्या बाबतीत ऐकलेला असतो. ही मेंदूची एक घडण आहे. ती लहानपणापासूनच असते. मोठेपणी कुणाला नव्याने होत नाही. फक्त ओळख मोठेपणी पटते. लंडनमध्ये डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी १९०२ साली व्याख्याने दिली होती, म्हणजे ही काही आजकालची टूम नव्हे. मात्र ‘मूल मोठे झाले की हे आपोआप जाते’ अशी समजूत वैद्यकातही पुष्कळ वर्षे होती, आणि ती आता मागे पडली आहे. मुलींच्या बाबतीत तर ओळख आणखी उशिरा पटते. कारण त्यांपैकी पुष्कळजणी उड्या मारीत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. माझ्या भाचीच्या प्रगतिपुस्तकावर ‘हुशार आहे, पण धांदरट’ हा शेरा चौथीपासून दहावीपर्यंत होता. शेरा मारणाऱ्या बाई बदलल्या, शेरा बदलला नाही.

इथे एक सावधगिरी सांगते. वस्तू विसरणारी प्रत्येक बाई म्हणजे एडीएचडी नव्हे. झोप नसली, थायरॉइड बिघडले, काळजी लागली तरी माणूस विसरते. निदान डॉक्टरांनीच करावे आणि औषधही त्यांच्याच चिठ्ठीने घ्यावे. औषधाने भाचीला बैठक मारून काम करणे सोपे झाले आहे. परंतु कुठल्याही गोळीने कार्डाचे बिल भरले जात नाही, हे तीच हसून सांगते.

पैशाशी याचा संबंध काय, हे मी तिलाच विचारले. ती म्हणाली, ‘‘मावशी, मला दोनच वेळा समजतात. एक ‘आत्ता’ आणि एक ‘आत्ता नाही’. बिलाची अठरा तारीख ‘आत्ता नाही’मध्ये असते. मग एकदम एकोणीस उजाडते.’’ दुसरी गोष्ट अशी की समोर दिसते ते आहे, नजरेआड झाले ते नाही. तिसरी गोष्ट मोहाची. उद्याच्या मोठ्या लाभापेक्षा आजचा छोटा लाभ सर्वांनाच गोड लागतो, पण या माणसांना तो जरा जास्तच ओढतो. रात्री अकरा वाजता मनात आलेली वस्तू पूर्वी सकाळी दुकान उघडेपर्यंत विसरली जाई. आता ती अकरा वाजून एक मिनिटाने विकत घेतलेली असते. आणि चौथी गोष्ट शरमेची. एकदा दंड बसला की पुढचा संदेश उघडायची भीती वाटते. तिच्या फोनमध्ये बँकेचे न उघडलेले संदेश शेकड्यांनी होते. मला तर चारांपैकी ही चौथीच सर्वांत महाग वाटते.

इंग्लंड-अमेरिकेत या लोकांनी याला एक नाव दिले आहे. आपल्या भाषेत त्याला ‘विसरण्याचा कर’ म्हणता येईल. उशिराचे दंड, न पाहिलेल्या मासिक वर्गण्या, सापडत नाही म्हणून दुसऱ्यांदा घेतलेली वस्तू, वेळेवर परत न केलेला मापाचा न बसणारा कपडा. सरकार हा कर घेत नाही, तरी तो नियमाने वसूल होतो. २०२० साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात स्वीडनच्या लोकसंख्येच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऐन तारुण्याच्या आरंभी कर्ज थकवण्याच्या बाबतीत या लोकांत आणि इतरांत फारसा फरक दिसत नाही. पण मध्यम वयाकडे जाताना त्यांची थकबाकी झपाट्याने वाढत जाते, असे त्यात दिसून आले. म्हणजे विशी-पंचविशीत ‘होईल हळूहळू नीट’ म्हणून सोडून दिलेली गोष्ट चाळिशीत गळ्याशी येते. माझी भाची या दोहोंच्या मधोमध उभी होती.

आता क्रेडिट कार्डाचे गणित सांगते, कारण हे कळूनसवरूनही कुणी मांडून बघत नाही. समजा कार्डावर पन्नास हजार देणे आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. वर्षाला नव्हे, महिन्याला! महिन्याचे व्याज १,७५०. त्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे ३१५. आता बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून पाच टक्के, म्हणजे २,५०० छापलेले असते असे धरा. आपण ते भरले आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात झोपलो. त्यातले २,०६५ व्याजात आणि करात गेले. मुद्दल फिटले ४३५ रुपये. शिवाय मागची बाकी असताना नवी खरेदी केली, तर तिला ती पन्नासेक दिवसांची बिनव्याजी सवलत मिळत नाही; खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागते. सावकाराला आपण नावे ठेवली, पण सावकाराने गुळगुळीत कागदावर छापून ‘प्रिय ग्राहक’ कधी म्हटले नाही.

जुन्या काळी असे विसराळू लोक नव्हते का? होते की. पण त्यांच्या विसरण्याला आजूबाजूने टेकू दिलेले असत. वाण्याची वही वाण्याकडे असे. लक्षात ठेवायचे काम त्याचे. एक तारखेला तो वही उघडून समोर ठेवी. मुलगी उधारीवर भलतेच काही न्यायला लागली तर ‘आईला विचारून ये’ असे तोच म्हणे. उडुपीला एका बँकेने १९२८ साली पिग्मी ठेव सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारात येई आणि दोन आणेसुद्धा जमा करून घेई. पुढे आपल्याकडच्या पतसंस्थांनी आणि सहकारी बँकांनी तीच रीत उचलली. तो एजंट दारात उभा राहिला की ‘आत्ता नाही’ म्हणायची सोयच नसे. आणि आपली भिशी! ठरलेली तारीख, ठरलेली रक्कम, बारा बायका वाट बघताहेत, आणि चिवडा तयार आहे. भिशीचे पैसे विसरलेली बाई मी अजून पाहिलेली नाही, आणि तिच्यातही एखादी असणारच की एडीएचडीची!

जुने ते सगळे सोने असे मला म्हणायचे नाही. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात किती पिचल्या होत्या, ते आपणास ठाऊक असेल. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्या बायकांना बँकेच्या दारापर्यंत नेले. सावकारही तारीख विसरू देत नसे, हे खरेच. पण माझ्या भाचीच्या बाजूला काय आहे ते पाहा. वाणी नाही, एजंट नाही, भिशी नाही, घरात दुसरे माणूस नाही. उधार देणारा मात्र चोवीस तास उशाशी, आणि त्याला तिचे तोंड माहीत नाही. एकटे राहण्यातली अडचण मला इथे दिसते. एकटीने स्वयंपाक होतो, एकटीने प्रवास होतो. पण एकटीने स्वतःला आठवण करून देणे, हे ज्या अवयवाने करायचे तोच अवयव तेवढा भरवशाचा नसतो.

तेव्हा आम्ही ‘मन घट्ट कर’ हा उपदेश बाजूला ठेवला. तो तिला तीस वर्षे मिळाला होता. काढून टाकलेले टेकू परत कुठे लावता येतील, एवढेच पाहायचे ठरवले.

प्रथम सगळे देणे एका कागदावर आणले. संदेश तिने उघडायचे नाहीत, मी उघडायचे आणि आकडा तेवढा मोठ्याने सांगायचा, तिने लिहायचा. दीड तास लागला. मध्ये दोनदा चहा झाला आणि एकदा ती गच्चीत जाऊन आली. लक्षात नसलेले देणे सापडावे म्हणून पतमाहितीचा अहवाल काढला. आपल्या देशात अशा चार कंपन्या आहेत; त्यांतील सिबिलचे नाव सर्वांना ठाऊक असते. प्रत्येकीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. गुण तीनशे ते नऊशेच्या दरम्यान असतात. तिचे ६९० निघाले. आणि त्या अहवालात एक तिसरे कार्ड निघाले, आधीच्या नोकरीत असताना घेतलेले, वापरात नसलेले, दरवर्षी ५९० रुपये फी खाणारे. ते बंद केले. कार्ड बंद करायला सांगितल्यावर बाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत बंद झाले पाहिजे, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, असा नियम २०२२ साली झाला आहे. हा नियम पत्रात लिहिल्याबरोबर कामे कशी भराभर होतात, याचा अनुभव घेऊन पाहा.

मग तारखा. पगार एक तारखेला होतो आणि बिले अठरा नि सव्वीस तारखेला भरायची. ज्याला महिना लांबचा वाटतो त्याच्यासाठी यापेक्षा वाईट व्यवस्था नाही. अठरापर्यंत पैसा ‘आपला’ वाटू लागतो. बिलाचे चक्र बदलून मागण्याची सोय कार्डवाल्यांनी द्यावी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बदलून सर्व देणी पाच तारखेवर आणली. भाडे दोन तारखेला आपोआप जाते. कार्डाची किमान रक्कम आपोआप जाईल असे बँकेला सांगून ठेवले. ती निव्वळ दंड चुकवण्यासाठी. खरा भरणा त्याहून जास्त, आणि तो हाताने. ‘किमान’ आपोआप जाते म्हणून निश्चिंत राहणे म्हणजे ते मघाचे ४३५ रुपये.

खाती दोन केली. पगार एका खात्यात येतो, त्यातून दर सोमवारी साडेचार हजार दुसऱ्या खात्यात जातात, आणि फोनवरून पैसे देण्याची सोय फक्त त्या दुसऱ्या खात्याला जोडली आहे. महिन्याचे न देता आठवड्याचे का, असे माझ्या बहिणीने विचारले. महिना भाचीला दिसत नाही, पण येता सोमवार दिसतो. आपल्या सासवा डब्याडब्यांतून पैसे ठेवीत, तेच हे. गव्हाच्या डब्यातले गव्हाला, दुधाच्या डब्यातले दुधाला.

दुकानांच्या अ‍ॅपमधून कार्डाचे आकडे पुसून टाकले. कार्डावरून इंटरनेटची खरेदी बंद-चालू करण्याची कळ बँकेच्या अ‍ॅपमध्ये असते. ती बंद केली. चालू करता येत नाही का? येते. पण त्याला दोन मिनिटे लागतात, आणि रात्री अकराच्या पुष्कळ इच्छा दोन मिनिटे टिकत नाहीत.

आता फेडीचा क्रम. गणिताने पाहिले तर ज्यावर व्याज जास्त ते आधी फेडावे, आणि जन्मभर मी लोकांना तेच सांगत आले. भाचीच्या बाबतीत मात्र आधी ते बावीस हजारांचे फोनवरचे कर्ज खात्यातल्या पैशांतून एकदम मिटवले. कारण असे की कागदावरचे एक नाव त्याच दिवशी खोडता आले. ज्या माणसाला दूरचे फळ दिसत नाही त्याला जवळचे एक द्यावे लागते. दोन-तीनशे रुपये व्याज जास्त गेले असेल तर जावो.

कार्डांच्या देण्यासाठी कमी व्याजाचे एक कर्ज शोधले. गुण ६९० म्हणून एका बँकेने नाही म्हटले. शेवटी एका पतसंस्थेने सभासद करून घेऊन एक लाख दिले. पंधरा टक्के व्याज, चोवीस हप्ते, हप्ता ४,८४९ रुपये. एका लाखावर कार्डाचे महिन्याचे व्याज आणि कर मिळून ४,१३० होत होते. इथे पहिल्या महिन्याचे व्याज १,२५०. अठ्ठ्याहत्तर हजारांचे कार्ड पूर्ण फेडले, आणि त्याच दिवशी बंद करण्याचे पत्र दिले. उरलेले बावीस हजार दुसऱ्या कार्डात भरले. इथे सर्वांनी नीट लक्ष द्या. एक कर्ज काढून दुसरे फेडणे हे औषध आहे, पण रिकामे झालेले कार्ड पाकिटात राहिले तर ते पुन्हा भरते, आणि मग दोन्ही देणी डोक्यावर बसतात. बँकेत असे मी किती वेळा पाहिले त्याला गणती नाही. दुसरे कार्ड तिने ठेवले आहे, कारण गुण पुन्हा चढायला काहीतरी वेळेवर भरलेले दिसावे लागते. पण त्याची मर्यादा तिने स्वतः सांगून वीस हजारांवर आणायचे ठरवले. बाकी चोवीस हजार दरमहा सहा हजारांनी फिटली, आणि मग मर्यादा खाली आली.

पतसंस्थेने दोन जामीनदार मागितले. एक तिच्या कचेरीतली मैत्रीण, दुसरी मी. आमच्या घरात त्या दिवशी जेवताना कुणी बोलले नाही. जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे, भगिनींनो. कर्जदाराने दिले नाही तर जामीनदाराने द्यायचे, असा त्याचा अर्थ. मायेपोटी कोऱ्या कागदावर सही करणाऱ्या बायकांची पेन्शन मी अडकलेली पाहिली आहे. मी सही केली ती सारे आकडे समोर ठेवून, आणि वेळ आली तर तेवढे माझ्याजवळ आहेत हे पाहून.

आता घरातल्या भांडणाविषयी सांगते, कारण पैशापेक्षा ते अवघड होते. तिच्या वडिलांनी सांगलीहून फोन केला की मी मुदतठेव मोडतो, सगळे देणे एका दिवसात मिटवतो, आणि तू नोकरी सोडून घरी ये. बहिणीचेही तेच मत. दोघांच्या मायेविषयी मला शंका नाही. पण भाची म्हणाली, ‘‘बाबांनी फेडले तर कर्ज जाईल, आणि त्याबरोबर माझे घरही जाईल.’’ मला तिचे म्हणणे पटले. देणे एका दिवसात फिटले असते, पण अठरा तारीख होती तिथेच राहिली असती, आणि वर्षा-दोन वर्षांनी दुसरी मुदतठेव लागली असती. शिवाय चौतिसाव्या वर्षी, स्वतःचा पगार असताना, तिला परत माजघरात आणून बसवायचे ते कशासाठी? बिल विसरली म्हणून? तिचे वडील सात महिने माझ्याशी बोलले नाहीत.

मदत करणारीने कुठवर जावे याचाही विचार केला पाहिजे. तिचा गुप्त क्रमांक मला माहीत नाही, मी विचारलेला नाही, आणि ओटीपी तर नवऱ्यालाही सांगू नये. तिचे खाते मी चालवत नाही. मी फक्त बसते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला ती फोनवर चित्र लावते. इकडे मी मेथी नाहीतर शेपू निवडते आणि तिकडे ती बिले भरते. पाऊण तास. मी बहुधा काही बोलत नाही. ‘तू काही करीत नाहीस, तरी तू असलीस की होते,’ असे ती म्हणते. शेजारी कुणी आपले काम करीत बसले की या लोकांचे काम सुरू होते, असा अनुभव त्यांच्यापैकी पुष्कळ जण सांगतात. मला त्यात नवल वाटले नाही. चारशे पापड कोणती बाई एकटी लाटते?

सगळे सुरळीत झाले असे समजू नका. मध्यंतरी एका महिन्यात पगार चार तारखेला झाला, भाडे आपोआप गेले नाही, आणि बँकेने दंड लावला. दिवाळीत तिने अकरा हजारांची एक खुर्ची घेतली. त्या खुर्चीविषयी मी अजून काही म्हटलेले नाही. पण भाड्याचा दंड बसला त्याच रात्री तिचा मला फोन आला. पूर्वी तो तीन महिन्यांनी आला असता, किंवा आलाच नसता. आता एक महिन्याचे भाडे त्या खात्यात कायम शिल्लक ठेवलेले असते. चोवीसपैकी चौदा हप्ते गेले आहेत. गुण ७३१ झाले आहेत.

वसुलीच्या त्रासाविषयी थोडे सांगते, कारण एकट्या बाईला त्याचीच धास्ती जास्त. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली स्पष्ट सांगितले आहे. शेजाऱ्यांना, कचेरीत, नातेवाइकांना सांगून चारचौघांत अपमान करता येत नाही. फोनवरून कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला आपल्या फोनमधील नातेवाइकांचे क्रमांक आणि फोटो घेता येत नाहीत. घेण्यापूर्वी त्या अ‍ॅपमागे कोणती बँक किंवा नोंदलेली वित्तसंस्था आहे ते पाहावे. नाव सापडत नसेल तर तिकडे जाऊच नये. आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी, आणि तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याला फी पडत नाही. कुणी फोटोंची धमकी दिली तर मात्र तीस दिवस थांबू नये, लगेच १९३० या क्रमांकावर सायबर पोलिसांना कळवावे. आणि देण्याच्या काळजीने रात्री जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक आहे. फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक कुणाला लागेल हे वरून दिसत नाही, म्हणून तो फलकावर लिहून ठेवावा असे मी चिटणीसबाईंना सांगितले आहे.

आपल्या या आळीत हल्ली किती एकट्या मुली आणि मुलगे भाड्याने राहतात, ते आपण जिन्यात पाहतोच. त्यांना काका-मावशी नाहीत असे नाही, पण ते दोनशे मैलांवर आहेत. म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवली आणि ती मान्य झाली आहे. पुढच्या महिन्यापासून दर पहिल्या रविवारी दुपारी चार ते साडेपाच मंडळाची मागची खोली उघडी राहील. तिथे व्याख्यान नाही, वर्गणी नाही, कुणाचा आकडा कुणी विचारायचा नाही. येणाऱ्याने आपला फोन, न उघडलेले संदेश आणि एक वही आणावी, आणि आपापली बिले भरावीत. मी आणि शिवणवर्गाच्या दोघी जणी तिथे असू. ज्यांना बिले नाहीत त्यांनी विणकाम किंवा निवडायची भाजी आणली तरी चालेल. शेजारी बसायला माणसे हवीतच. खोलीतला पंखा बंद आहे, तो तोवर दुरुस्त होईल असे खजिनदारबाईंनी कबूल केले आहे. किल्ली माझ्याकडे आहे.